गाडीतलं कोशेर जेवण आणि हेमंतरावांचं तूप

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. स्टेशन नाही, फाटक नाही, लांबून शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. गाडी पकडायची तर एस.टी.नं पालघर, डहाणू नाहीतर कसारा गाठावं लागतं. त्यामुळे रेल्वेविषयी इथं कोणी काहीही सांगितलं, तरी ते पडताळून पाहायला सहसा कोणी जात नाही. श्री. हेमंत विठ्ठल चौधरी यांची कीर्ती या भौगोलिक सोयीवर उभी आहे.

रोजगारासाठी तालुक्याबाहेर गेलेल्या माणसांच्या मुलाखती नोंदवताना त्यांचं नाव सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा कानावर आलं. न्हाव्याच्या दुकानात ऐकलं की हेमंतरावांनी धावत्या गाडीत इस्रायलच्या मंत्र्यांना जेवू घातलं. भाजीबाजारात मंत्र्यांचे लष्करी अधिकारी झाले होते. वास्तविक ती निवृत्त मराठी ज्यू मंडळी होती. जन्म रायगड जिल्ह्यातला, मुक्काम इस्रायलमध्ये, बोलणं मराठीत आणि तक्रारी बहुतेक गुडघ्यांच्या. प्रसंगी हजर असलेल्या तिघांशी बोलणं झालं: स्वतः हेमंतराव, त्यांच्या हाताखाली काम करणारा पोशेऱ्याचा फागू आणि फोनवरून सिपोराबाई रोहेकर, ज्यांच्या ताटात हा इतिहास घडला. तिघांचं जिथं जुळतं तिथं ते सरळ मांडलं आहे. जिथं जुळत नाही तिथं तसं म्हटलं आहे.

चौधरींचं घर तेल्याचं. वडिलांच्या लहानपणी दारात घाणा होता, नंतर दुकान आलं, मग दुकानात पिशवीबंद तेल आलं आणि चौधरींच्या हाताला करण्यासारखं काही उरलं नाही. हेमंतराव कोणाच्या तरी ओळखीनं दक्षिणेकडे जाणाऱ्या एका लांब पल्ल्याच्या गाडीच्या पँट्रीत लागले. नोकरी रेल्वेची नव्हे, ठेकेदाराची. पण हा बारकावा जव्हारपर्यंत पोचलेला नाही. उमेदीचं सगळं वय त्यांनी डब्याडब्यांतून ट्रे वाहण्यात घालवलं. आता ते घरातही पाय फाकवून चालतात, जणू फरशी कधीही वळण घेईल. स्वयंपाकघराच्या दारातून जाताना 'साइड, साइड' म्हणतात. त्यांच्या पत्नी योगिताबाई म्हणाल्या, "रात्री कूस बदलताना 'चाय, चाय' म्हणतात. मी घेतला कधी तर पैसे मागतील."

उजवा गुडघा कामातून गेल्यापासून हेमंतरावांना जगात एकच गोष्ट हवी होती: पँट्रीच्या मॅनेजरची खुर्ची. मॅनेजर बसतो. मॅनेजरला हलत्या डब्यांतून उकळतं सूप न्यावं लागत नाही. पुढचा मॅनेजर आपणच, असं त्यांनी गावात सांगून ठेवलं होतं. नंतर त्यातला 'पुढचा' हा शब्द गळाला आणि आपण मॅनेजर आहोत एवढंच शिल्लक राहिलं. धाकट्या मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीतही हीच आवृत्ती प्रसृत झाली. लग्न वैशाखात ठरलं. तोवर ही गोष्ट खरी होणं त्यांना भाग होतं.

गेल्या काही वर्षांतल्या एका आश्विनात ठेकेदार शेठचा फोन आला. ठाण्याहून एक पार्टी कोचीपर्यंत जाणार आहे. जेवण कोशेर. म्हणजे ते ज्यू लोक आहेत, त्यांच्या धर्माप्रमाणे लागतं तसं. डबे ते स्वतःच बनवून आणणार, आपण फक्त गरम करून द्यायचे. पार्टीनं चांगला अभिप्राय लिहिला तर येत्या हंगामातल्या अशा सगळ्या पार्ट्या आपल्या, आणि हेमंत, मग खुर्ची तुझी.

कोशेर म्हणजे काय, याचा शोध जव्हारमध्ये तातडीनं सुरू झाला. योगिताबाईंनी सांगितलं, "जैनांसारखं असेल. कांदा घालू नका." औषधाच्या दुकानातल्या मुलानं मोबाइलवर वाचून दाखवलं: डुक्कर नको, रक्त नको, शिंपल्या-कोळंबी नको, दूध आणि मांस एकत्र नको. हेमंतरावांनी सगळ्याला मान डोलावली. शेवटच्या अटीचं तर त्यांना हसू आलं. मटणात दूध घालतो कोण? आणि मग त्यांनी त्याच आठवड्यात योगिताबाईंकडून साजूक तूप कढवून घेतलं आणि बरणीत भरून सोबत घेतलं. तूप दुधाचं असतं, ही गोष्ट त्यांच्या मनाला शिवली नाही. ती आपल्याकडे कोणाच्याच मनाला शिवत नाही. दूध म्हणजे दूध; तूप म्हणजे मान.

पार्टी ठाण्याला चढली. बरोबर सिपोराबाईंचा भाचा सॅम्युएल होता, ठाण्यातच राहणारा. सहलीची व्यवस्था त्याची. त्यानं बर्फाच्या पेटीतले डबे हेमंतरावांच्या ताब्यात दिले. प्रत्येक डबा अ‍ॅल्युमिनियमच्या दुहेरी पातळ पत्र्यात गुंडाळलेला, वर चिकटपट्टी, तिच्यावर कोशेर स्वयंपाकाची देखरेख करणाऱ्याची सही. दुपारचे वेगळे, रात्रीचे वेगळे, सकाळचे वेगळे.

"उघडायचे नाहीत," सॅम्युएल म्हणाला. "गरम करायचे ते असेच, बंद. आमच्या हातात बंदच द्यायचे. पट्टी आम्ही फोडणार."

"काळजी नको, साहेब," हेमंतराव म्हणाले.

हे संभाषण झालं, याबद्दल तिघांचं एकमत आहे. हेमंतरावांचा एवढाच खुलासा की 'उघडायचे नाहीत' याचा अर्थ इतर प्रवाशांसमोर उघडायचे नाहीत, असा त्यांनी घेतला.

गाडीनं रोहा मागे टाकल्यावर पँट्रीत जे घडलं, त्याचा मुख्य साक्षीदार फागू. तो सांगतो की हेमंतभाऊ पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "पाहुण्याला बंद डबा हातात द्यायचा? हे काय औषध आहे?" त्यांनी दुपारचे डबे उघडले. आत भात होता आणि नारळाच्या दुधातली कोंबडी. वास चांगला होता. मग रात्रीचेही उघडले, कारण मॅनेजरनं आधीच पाहून ठेवलेलं बरं. सकाळचेही उघडले. प्रत्येकातला एकेक घास चाखला.

"मी म्हनलो, भाऊ, ते नको बोलले ना," फागू सांगतो. "तर मला बोलले, चव घेतल्याबिगर कोन वाढतो?"

मग पँट्रीची स्टीलची ताटं निघाली, ज्यांत त्या दिवशी सकाळी ऑम्लेट गेलं होतं आणि आदल्या दिवशी काय गेलं होतं ते कोणालाच आठवत नाही. भाताची मूद, बाजूला कोंबडी, लिंबाची फोड, मिठाची चिमूट. आणि पंगतीला यजमान स्वतः वाढतो तसं, प्रत्येक मुदीवर योगिताबाईंच्या हातचं तूप. ज्यांना जास्त आग्रह करावा असं वाटलं, त्यांच्या कोंबडीवरही.

सिपोराबाईंचं वय चौऱ्याहत्तर. नोकरी इस्पितळात मेट्रनची झाली, आणि अजून बोलतात तशाच. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"हे वर काय आहे?"

"तूप, आजी. घरचं आहे."

"आणि खाली?"

"कोंबडी. तुमचीच."

"आमचे डबे कुठेत?"

"फेकले ना. तुम्ही कशाला त्या पत्र्यात जेवाल?"

सॅम्युएल उठून उभा राहिला आणि इंग्रजीत बरंच बोलला. सिपोराबाईंनी त्याला हातानं बसवलं.

"पोरा, हे तू प्रेमानं केलंस का?" त्यांनी विचारलं.

"हो, आजी."

"मग प्रेमानं परत घेऊन जा."

हेमंतरावांना तोवर एवढं कळलं होतं की चूक तुपात आहे. त्यांनी तत्काळ तोडगा सुचवला: कोंबडी गरम पाण्यानं धुऊन आणतो. सिपोराबाई मला फोनवर म्हणाल्या की धर्माच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात हा उपाय कोणत्याही पंडिताला सुचला नसेल. हेमंतरावांना समजावलं गेलं की तूप पडलं नसतं तरी उपयोग नव्हता; ताट बाहेरचं, चमचा बाहेरचा, पट्टी फुटलेली. हेमंतरावांनी मग पनीर देऊ केलं. मग पुलाव. मग कागदी प्लेटमध्ये पुलाव. प्रत्येक वेळी सिपोराबाई एकच विचारत: शिजवला कशात? आणि प्रत्येक वेळी हेमंतराव सांगत: धुतलेल्या पातेल्यात. असं काही वेळ चाललं.

शेवटी त्यांनी हुकमाचं पान काढलं.

"तुमचं मूळ गाव कुठलं, आजी?"

"रोह्याकडचं. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद असायचा, म्हणून लोक शनवारतेली म्हणायचे."

हेमंतरावांचा चेहरा उजळला. "आम्हीपण तेलीच. जव्हारचे. मग तुम्ही आपल्यातल्याच की. आपल्यात तूप चालतं."

"आमच्यात तेल चालतं," सिपोराबाई म्हणाल्या. "म्हणून तर तेल काढायचो."

इथवर वाचून हसू येणं साहजिक आहे. पण सात-आठ म्हातारी माणसं, बहुतेकांना जेवणानंतरच्या गोळ्या, आणि कोची दुसऱ्या दिवशी दुपारी. काहींच्या पिशवीत बिस्किटं होती, ती संपली. सॅम्युएल मोबाइलवर तक्रार लिहायला बसला होता. हेमंतराव डब्याच्या दारात उभे होते आणि त्याच्या अंगठ्याकडे पाहत होते. त्या अंगठ्याखाली खुर्ची होती, आणि वैशाखातलं लग्न होतं.

"फळं द्या," सिपोराबाईंनी सांगितलं. "केळी. सालीसकट. शेंगा मिळाल्या तर टरफलासकट. ते आम्ही खाऊ."

यापुढे तीन पाठ आहेत. जव्हारमध्ये प्रचलित असलेल्या पाठानुसार हेमंतरावांनी रत्नागिरीला प्लॅटफॉर्मवर उडी घेतली, केळ्यांचा घड खांद्यावर टाकला आणि सुटलेली गाडी धावत पकडली. फागूच्या मते रत्नागिरीला गाडी भरपूर थांबते आणि घड केळीवाल्यानंच खिडकीतून आत दिला. सिपोराबाईंना उडीचं काही आठवत नाही. त्यांना आठवतं ते त्यानंतरचं. उडीबद्दल विचारल्यावर हेमंतराव म्हणाले, "गुडघा तेव्हा बरा होता." ज्या गुडघ्यासाठी खुर्ची हवी होती तो हाच, हे त्यांच्या ध्यानात आणून दिलं नाही.

त्यानंतरचं असं, की केळी आली ती सोललेली होती. पँट्रीच्या सुरीनं एकसारखे काप केलेले, प्लेटमध्ये फुलासारखे मांडलेले, वर साखर. कांदा चिरायची ती सुरी.

"हे काय केलंस?" सिपोराबाईंनी विचारलं.

"आजी, नुसतं केळं हातात देणं बरं दिसत नाही."

"घड राहिलाय का?"

"आहे."

"आण इकडे. ठेव इथं सीटवर. आता हात मागे बांध."

हेमंतरावांनी हात मागे बांधले. पार्टी केळी सोलू लागली. ज्याच्या अंगात सेवा भिनली आहे, त्यानं दुसऱ्याला स्वतःचं केळं सोलताना पाहणं ही केवढी शिक्षा, हे फागूनं मला करून दाखवलं: खांदे आकसलेले, बोटं पाठीमागे वळवळणारी. दोनदा ते हात सुटले. दोनदा सिपोराबाई नुसत्या "हं" म्हणाल्या.

रात्रीसाठी आणि सकाळसाठी अशीच केळी, शेंगा आणि शहाळी जमवली गेली. शहाळेवाल्याच्या कोयत्यावरून पार्टीतच मतभेद झाले. त्यात हेमंतराव पडले नाहीत, ही त्या प्रवासातली त्यांची पहिली योग्य कृती.

फागू पाण्याच्या बाटल्या घेऊन आला तेव्हा सिपोराबाईंनी त्याला जेवलास का विचारलं. तो पँट्रीचं खात नव्हता. त्या दिवसांत त्याच्या घरी नवं भात अजून देवाला दाखवायचं राहिलं होतं, आणि ते झाल्याशिवाय नव्या तांदळाचा घास घ्यायचा नाही, असा त्याच्या आदिवासी जमातीचा रिवाज; म्हणून तो घरच्या जुन्या नागलीच्या भाकरी फडक्यात बांधून आणत असे.

"पण पँट्रीचा तांदूळ नवा की जुना, तुला काय ठाऊक?"

"नाय ठाऊक. म्हनून नाय खात."

"मग तू पण काशेर आहेस," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरात तो शब्द तसा उच्चारतात.

"नाय बाई," फागू म्हणाला. "आमी कोकणा."

"घरापासून इतक्या लांब कोण बघायला येतंय?"

"तुमाला कोन येतं?"

हेमंतरावांच्या पाठात हा संवाद नाही. त्या वेळी ते भटारखान्यात तुपाची बरणी घट्ट बंद करत होते. नंतर ते तूप त्यांनी स्वतः पोळीबरोबर संपवलं.

सकाळी सॅम्युएलची तक्रार तयार होती. लांब होती, सविस्तर होती आणि, त्याच्या मावशीच्या सांगण्याप्रमाणे, शब्दन् शब्द खरी होती. ती पाठवण्यापूर्वी सिपोराबाईंनी फोन मागितला, वाचली आणि पुसली. मग हेमंतरावांना बोलावलं.

"तुझ्या शेठनं काय सांगितलंय तुला?"

हेमंतरावांनी खरं ते सांगितलं: अभिप्राय, हंगाम, खुर्ची, गुडघा. लग्नाचंही सांगितलं. आपण मॅनेजर म्हणून सोयरीक झाली, हेसुद्धा सांगितलं. जव्हारमध्ये ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. योगिताबाईंना ठाऊक आहे, पण तेही सांगितल्यामुळे नव्हे.

"तू मॅनेजर व्हावंस असं मला वाटत नाही," सिपोराबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला चैन नाही. पण तुझी नोकरी जावी असंही वाटत नाही."

त्यांनी अभिप्रायाच्या रकान्यात मराठीत तीन शब्द लिहिले: केळी उत्तम होती.

असं का लिहिलं, हे त्यांना विचारलं. "तक्रार केली असती तर शेठचं काय जाणार होतं?" त्या म्हणाल्या. "त्यानं याला काढला असता, दुसरा ठेवला असता, आणि त्यानं लोणी घातलं असतं. स्तुती करावी तर आम्ही उपाशी. म्हणून जेवढं खरं होतं तेवढंच लिहिलं."

त्यांच्या दुर्दैवानं ते शेठनं काळजीपूर्वक वाचलं. परदेशी पार्टी, विशेष जेवण, तक्रार नाही आणि केळी उत्तम. त्यातून त्यानं जो निष्कर्ष काढला, तो व्यापारी बुद्धीच्या अभ्यासकांनी जतन करावा असा आहे. कोशेर जेवणाला स्वयंपाकी लागत नाही, गॅस लागत नाही, भांडी लागत नाहीत, केळी लागतात. पुढच्या हंगामापासून त्या गाडीत पुठ्ठ्याचा एक खोका मिळू लागला. आत केळी, शेंगा आणि एक सफरचंद, वर चकचकीत लेबल, आणि किंमत कोंबडीच्या ताटापेक्षा वरची. लेबलावर सहीसुद्धा आहे. ती कोणा धर्मगुरूची नसून शेठच्या पुतण्याची आहे. ज्यांना खरोखर कोशेर लागतं, ते खोका बघून आपले डबे घरून आणतात. खोका घेतात ते उपवासवाले, आणि बेतानं खाणारे काही आयटीतले तरुण.

खुर्चीवर शेठनं तोच पुतण्या बसवला. हेमंतरावांची मात्र निराशा केली नाही. त्यांना पद दिलं: कोशेर इनचार्ज. छातीवर लावायची पट्टीही दिली. पगार तोच, ट्रे तोच. वर खोके वाटायचं काम नवीन.

योगिताबाईंनी विचारलं, "इनचार्ज म्हणजे बसायचं का?"

"पद मोठं आहे," हेमंतराव म्हणाले.

"गुडघ्याला सांगा तसं."

परंतु जव्हारनं ते पद मोठंच मानलं. मॅनेजर कोणत्याही हॉटेलात असतो. कोशेर इनचार्ज तालुक्यात दुसरा नाही. लग्नात व्याह्यांनी त्यांची ओळख 'रेल्वेच्या परदेशी खात्यात आहेत' अशी करून दिली, आणि हेमंतरावांनी फक्त नमस्कार केला.

गेल्या हिवाळ्यात मोखाड्याला बचत गटाच्या बायकांसाठी खाद्यपदार्थ विक्रीचं एक प्रशिक्षण झालं. व्याख्याते म्हणून हेमंतराव आले, छातीवर पट्टी लावून. बाहेर आठवड्याचा बाजार भरलेला होता, त्यामुळे निम्म्या बायकांचं लक्ष टोपल्यांकडे होतं. सूत्रसंचालक तन्मय नावाचा तरुण होता. त्यानं सांगितलं, "आपल्याला मार्गदर्शन करणार आहेत रेल्वेतले पँट्री मॅनेजर श्री. हेमंत चौधरी."

हेमंतराव उठले, माइक हातात घेतला आणि त्यांनी आधी चूक दुरुस्त केली.

"मॅनेजर नव्हे," ते म्हणाले. "कोशेर इनचार्ज."

मग ते पाऊण तास बोलले. उडी होती, घड होता, मंत्री नव्हते पण 'मोठी माणसं' होती. तूप नव्हतं. कोशेरचं तत्त्व त्यांनी सोपं करून सांगितलं: आपण हात लावायचा नाही. भांडं नाही, चमचा नाही, सुरी नाही. पाहुण्याला वस्तू जशीच्या तशी द्यायची आणि हात मागे बांधून उभं राहायचं. तेही त्यांनी करून दाखवलं, आणि मला वाटतं, तेवढं प्रात्यक्षिक अस्सल होतं.

प्रश्नांची वेळ आली. दाभोसा गावची लाडकी नावाची बाई मागून उठली. तिच्या गटानं नागलीची बिस्किटं करायला भट्टी घेतली होती.

"सर, म्हंजे शिजवायचं काय?"

"काही नाही."

"भाजायचं?"

"नाही."

"मग आमाला दोन जीप बदलून कशाला बोलावलं?"

तन्मयनं वेळ संपल्याचं सांगितलं. हेमंतरावांनी माइक त्याच्या हातात दिला, श्रीफळ घेतलं, आणि पाय फाकवून, खुर्च्यांच्या ओळींतून 'साइड, साइड' म्हणत दाराकडे निघाले. दुसऱ्या दिवशी गाडीवर ड्युटी होती आणि कसाऱ्याची जीप भरत आली होती. जीपमध्ये बसायला जागा नव्हती. ते मागच्या पायरीवर उभे राहिले.